सहावी खोडी

आमच्या डायलिसिस सेंटरमधल्या जिन्सी सिस्टर एक दिवस म्हणाल्या, "दत्ताकाका, नवीन पेशंट खूप घाबरतात हो. तुम्हाला तीन वर्षं होत आली. चार चांगल्या गोष्टी लिहून द्या ना, बोर्डावर लावू." मी दहावी पास, तोसुद्धा दुसऱ्या फटक्यात. तरी वही घेतली, चष्मा लावला आणि बसलो. चांगल्या गोष्टी काही केल्या सुचेनात. जे सुचलं ते खाली आहे. बोर्डावर लावायचं की नाही ते सिस्टरनी ठरवावं.

एक आधीच सांगून टाकतो. या आजारात भीती वाटते, दुखतं, कंटाळा येतो, हे सगळेच सांगतात. जळफळाट होतो हे कुणी सांगत नाही. मला झाला. पाणी पिणाऱ्यांचा झाला, लघवीला जाणाऱ्यांचा झाला आणि सगळ्यात जास्त माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा झाला. तिच्यावर मी इतका जळलो की माझ्या हातून एक घाण काम झालं. आजही खाडीत तिची होडी दिसली की ते आठवतं. नवीन आलेल्या माणसा, तुलाही असं काही होत असेल तर तू एकटा नाहीस, एवढंच मला सांगायचंय.

पाय

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठाला आमचं गाव. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, पण होड्या लावायची जागा अजून आमच्याकडे आहे. वडिलांची होडी, त्यांच्यानंतर माझी. सागाची, चांगली तगडी. आठ वर्षांचा असल्यापासून मी तिच्यात. कोलंबी, बोईट, पावसात चिवणी, आणि नशीब जोरावर असेल तर एखादा जिताडा. गावातली पोरं नोकऱ्यांना लागली, कुणी रिक्षा घेतली, कुणी जमीन विकून बंगला बांधला. मी होडी सोडली नाही. लोक मला होडीवाला दत्ता म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

पाय सुजायला लागले तेव्हा मला वाटलं, चिखल. खाडीचा चिखल आता पूर्वीचा राहिला नाही, त्यात उभं राहिलं की खाज सुटते. मी खोबरेल तेल चोळायचो आणि जायचो. सहा महिने असेच काढले. मग तोंडाची चव गेली, जिना चढताना दम लागायला लागला. सुमन, म्हणजे माझी बायको, एका सकाळी चहाचा कप हातात देताना थांबली आणि म्हणाली, "अहो, तोंड बघा आरशात. पाव फुगल्यासारखं झालंय." आमची लेक रूपाली वर्तकनगरला दिलेली. तिने ऐकलंच नाही, मला धरून नौपाड्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. म्हणाले, "दोन्ही किडन्या गेल्यात."

मी म्हटलं, "बरं. मग औषध किती दिवस?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सावकाश समजावलं, आठवड्यातून तीनदा मशीन, कायमचं. रूपालीने रडायला सुरुवात केली. मी मान डोलावत होतो, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"होडी आहे आमची. मासेमारी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते आता विसरा, काका. हातात नस जोडायची आहे, त्या हाताने वजन ओढायचं नाही. खाडीच्या घाण पाण्यात जखम झाली तर जिवावर बेतेल. आणि मशीननंतर चक्कर येते, पाण्यात एकटे असलात तर कोण बघणार?"

किडन्या गेल्या हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. होडी गेली हे मात्र तिथल्या तिथे समजलं.

बाहेर आलो तर समोर रसवंती. एक जाडा माणूस उसाच्या रसाचा ग्लास एका दमात संपवत होता, वर दुसरा मागत होता. मला दिवसाला पाऊण लिटर पाणी सांगितलेलं, त्यात चहा, डाळ, औषधाचा घोट सगळं धरून. मी त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने ग्लास घेऊन पाठ फिरवली. सुमनने मला रिक्षात कोंबलं.

पाऊण लिटर

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला सेंटरला हजर. आधी वजन करायचं. तुमच्या अंगात पाणी नसताना जे वजन असायला हवं त्याला इथे ड्राय वेट म्हणतात. त्याच्यावर जेवढं जास्त भरेल तेवढं मशीन ओढून काढतं. जास्त पाणी प्यायलात की ओढताना पायात असे गोळे येतात की माणूस आईच्या नावाने ओरडतो. मी पहिल्या महिन्यात दर वेळी ओरडलो. कारण मी चोरून प्यायचो. न्हाणीघरात गेलो की नळाला तोंड लावायचो. पन्नास वर्षं पाण्यात काढलेला माणूस, आणि न्हाणीघरात चोरासारखा पाणी पितोय. सुमनने एकदा दार वाजवून म्हटलं, "प्या हो प्या. शनिवारी वजनकाटा बोलेलच."

माझ्या शेजारच्या खुर्चीत कांबळे सर. कल्याणला एका शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. शांत माणूस. त्यांना दिवसाला दीड लिटर पाणी चालायचं. मी विचारलं, "तुम्हाला कसं काय?" ते जरा लाजले आणि म्हणाले, "मला अजून लघवी होते ना, दत्तोबा."

सांगतो तुम्हाला, मला आयुष्यात कुणाच्या बंगल्याचा हेवा वाटला नाही, गाडीचा वाटला नाही. या माणसाच्या लघवीचा मला दोन महिने हेवा वाटला. मशीन लागायच्या आधी ते उठून बाहेर जायचे तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचो. वर ते इतके चांगले की राग काढायची सोय नव्हती. बर्फाचा छोटा खडा तोंडात धरला की तहान भागते आणि पाणीही कमी जातं, ही युक्ती मला त्यांनीच सांगितली. लिंबाची फोड जिभेवर घासायची, हीसुद्धा त्यांचीच. नवीन पेशंटने या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, बाकीचं विसरला तरी चालेल.

हाताची नस जोडल्यावर तिच्यात कायम घरघर असते. कानाजवळ नेली की ऐकू येते. माझ्या होडीचं इंजिन लांबून असंच वाजायचं. सुरुवातीला मी दुपारी झोपताना हात कानाखाली घ्यायचो.

किडनी बदलायचंही बघून झालं. सुमनला शुगर, रूपालीचं लेकरू लहान, बहिणीचा रक्तगट जुळेना. यादीत नाव लावलंय. फोन आला तर आला.

ताडपत्री

होडी मी काठावर ओढून घेतली होती, चार माणसं लावून, आणि वर निळी ताडपत्री टाकली होती. लोक विचारायचे, "दत्ता, होडीचं काय?" मी म्हणायचो, "गेली." समोर ताडपत्रीखाली दिसायची तरी म्हणायचो, गेली.

पाण्यातल्या लाकडाला कोरडं ठेवलं की ते आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. हे खाडीवरच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. आठ महिने मी तिला उन्हात ठेवली. सेंटरवरून येताना ताडपत्री उचलून बघायचो, फटीत बोट जातं का बघायचो. एक दिवस करंगळी गेली. मला बरं वाटलं. मी कोरडा तर तूही कोरडी, असं काहीतरी होतं मनात. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

आणि मग हिरा आली.

हिरा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आमच्याच गावात दिलेली, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. डोंबिवलीच्या बाजारात मासे विकते. लहानपणी वडील आम्हा दोघांना होडीत न्यायचे. खोटं कशाला बोलू, ती माझ्याहून चांगली वल्हवायची. पाण्याचा रंग बघून सांगायची कुठे उथळ आहे. ती चौदाची झाली आणि आजीने तिचं होडीत जाणं बंद केलं. होडी मला मिळाली, तिला टोपली मिळाली. दर भाऊबीजेला मी तिला साडी दिली, चांगल्यातली दिली. तिने आयुष्यात कधी काही मागितलं नाही.

ती आली, बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "दादूस, होरी मना दे."

"तुला? तू काय करणार?"

"काय करनार म्हंजे? मासं मारनार. सोनल हाय ना बरोबर." सोनल तिची सून. बीकॉम झालेली पोर, पण सासूचं आणि तिचं चांगलं गूळपीठ.

"हिरा, तू अठ्ठावन्न वर्षांची."

"मंग? तू साठाव्या वर्साला काय बसून व्हतास? किडनी गेली म्हून उतरलास, नायतर उतरला असतास?"

मी तिचे हात बघत होतो. जाडे, काळे, टोपल्या उचलून उचलून दगड झालेले. दोन्ही हातांनी काहीही ओढू शकेल अशी बाई. माझ्या घशाला कोरड पडली आणि ती कोरड पाण्याची नव्हती.

मी म्हटलं, "गिऱ्हाईक आलंय मला."

आलं होतं, खोटं नाही. जावयाच्या ओळखीने. शीळफाट्याच्या पुढे एक नवीन हॉटेल, त्यांना दारात जुनी होडी उभी करायची होती. वर दिव्यांच्या माळा सोडणार, आत कुंड्या ठेवणार. लोक फोटो काढणार. मला ते पसंत होतं. कारण तिथे ती कुणाचीच नसती. कुणी तिला वल्हवलं नसतं, कुणी भरतीला बाहेर काढलं नसतं.

हिरा उठली. दारातून म्हणाली, "बाबांची होरी हाटेलात ठेवशील?" आणि गेली.

हॉटेलवाला माप घ्यायला आला तेव्हा मी सेंटरवरून नुकताच आलेलो, डोकं गरगरत होतं. पोरगा चांगला होता बिचारा. टेप लावता लावता म्हणाला, "काका, खाली दहा-बारा भोकं पाडायला लागतील. पावसाचं पाणी साचायला नको ना."

"कशात भोकं?"

"बोटीत. खालून."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो टेप तिथेच टाकून गेला. सुमन बाहेर आली, मला खांबाला टेकवून बसवलं आणि म्हणाली, "हॉटेलला द्यायची नाही, बहिणीला द्यायची नाही. मग काय चितेवर घेणार आहात? बाई मागतेय तर द्या की! तुमच्या पोटात दुखतं ते हिराच्या हातात होडी बघवत नाही म्हणून, दुसरं काही नाही."

बायकोने असं तोंडावर सांगितलं की माणूस चिडतो. मी चिडून हिराला फोन केला आणि म्हटलं, "घेऊन जा एकदाची."

पाच

आमच्यात होडी देताना एक रीत आहे. देणाऱ्याने होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवायचा आणि गावातल्या चार माणसांसमोर तिच्या खोडी सांगायच्या. प्रत्येक लाकडी होडीला खोडी असतात. कुठे ओढते, कुठे गळते, कशाने बिथरते. त्या घेणाऱ्याला माहीत हव्यात, कारण पाण्यात गेल्यावर विचारायला कुणी नसतं. शेवटी वडीलधारा विचारतो, "अजून काही?" देणारा म्हणतो, "अजून काही नाही." मग नारळ फोडायचा. खोड लपवून दिलेली होडी दिली असं कुणी धरत नाही, मग कागदावर काहीही लिहा.

वडिलांनी मला सहा सांगितल्या होत्या. ज्या चौघांनी तेव्हा ऐकलं त्यातला आज एकही नाही. हिरा तेव्हा नुकतीच सासरी गेलेली, आजी तिच्या सासऱ्याची परवानगी काढून तिला आणेपर्यंत कार्यक्रम आटपला होता.

मी नाळेवर हात ठेवला. ताडपत्री काढलेली, लाकूड तापलेलं. समोर हिरा, नवीन साडी नेसून, सोनल तिच्या मागे, भोवती गावातली चार वडीलधारी माणसं. मी सांगायला लागलो. ही जराशी उजवीकडे ओढते. रिकामी असली की वाऱ्यात तोंड फिरवते. मधली बसायची फळी सैल आहे, तिच्यावर जोर देऊन उठायचं नाही. इंजिन गार असलं की तिसऱ्या ओढीला लागतं, दुसऱ्या ओढीला शिव्या घालायच्या नाहीत. चिखलात रुतली तर पुढून ओढायची नाही, मागून ढकलायची.

"अजून काही?"

हिरा माझ्याकडे बघत होती. तोंडावर इतका आनंद की मला सहन होईना. सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, हिला धड हात आहेत, धड पाय आहेत, पोटात दोन किडन्या आहेत, आता होडीपण आहे. मला काय राहिलं?

"अजून काही नाही," मी म्हटलं. नारळ फुटला.

सहावी अशी होती. डाव्या बाजूला, मागच्या अंगाला एक फळी सागाची नाही. मी दहावीला होतो तेव्हा रेतीच्या बोटीने धक्का मारून जुनी फळी फोडली होती. साग मिळाला नाही म्हणून वडिलांनी फणसाची बसवली. होडी कोरडी पडली की परत वापरायच्या आधी तिला पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे फळ्या फुगून फटी मिटतात. सागाच्या दोन-तीन दिवसांत मिटतात. फणसाची हट्टी, तिला आठ-दहा दिवस लागतात. आणि लबाडही आहे. रिकामी होडी तरंगत असेपर्यंत ती पाण्याच्या वर राहते, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. दोन माणसं, जाळं आणि इंजिन चढलं की ती पाण्याखाली जाते आणि मग भळाभळा आत घेते. हे फक्त मला माहीत होतं. वडिलांनी मला दिलेली ती शेवटची गोष्ट होती, असं मी मनाशी धरलं होतं, आणि ती मला द्यायची नव्हती.

मला वाटलं होतं, काठाजवळच पाणी भरेल, हिरा भिजेल, चिखलातून धडपडत येईल आणि माझ्या दारात उभी राहून म्हणेल, दादूस, मना नाय जमत. एवढंच हवं होतं मला.

पुनवेची भरती

हिराने होडी त्याच दिवशी बुडवली आणि गावभर सांगितलं की पुनवेच्या उधाणाला पहिली फेरी. पुनव पाचव्या दिवशी होती, शनिवारी.

शनिवारी सातला मी खुर्चीत. जिन्सी सिस्टरनी दोन्ही सुया घातल्या, मशीन सुरू झालं. खिडकीजवळची खुर्ची मिळालेली. कांबळे सरांचं मशीन त्या दिवशी उशिरा लागणार होतं, ते पेपर वाचत होते. साडेनऊच्या सुमाराला ते म्हणाले, "आज पौर्णिमा ना? आज तुमच्या बहिणीची होडी निघणार म्हणालेलात."

मी हो म्हटलं. आणि तेव्हा, का कोण जाणे, मला सोनल दिसली. काठावर पंजाबी ड्रेस खोचून उभी. हिरा खाडीतली बाई, ती काहीही करून काठाला लागेल. पण सोनल बदलापूरची, तिला पोहता येत नाही. लग्नात तिनेच मला हसत सांगितलं होतं, "मामा, मला पाण्याची जाम भीती वाटते." पुनवेचं उधाण म्हणजे खाडीला ओढ असते. मधे गेल्यावर फळी उघडली तर?

अंगाला घाम सुटला. मशीनने पण टुंईटुंई सुरू केलं. मोकळ्या हाताने हिराला फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला. परत नाही. सोनलचा बंद.

"सिस्टर! काढा मला. आत्ताच्या आत्ता काढा."

"काका, काय होतंय? छातीत दुखतंय?"

"छातीत नाही. मला घरी जायचंय."

"असं लगेच नाही काढता येत, काका. तुमचं रक्त मशीनमध्ये आहे. ते परत द्यायला पंधरा मिनिटं तरी लागतात."

पंधरा मिनिटं आणि वर रिक्षा. दहा वाजता भरती चढते. मी सुमनला फोन लावला आणि एका दमात सगळं ओकलो. फणसाची फळी, सहावी खोडी, मी लपवली, काठावर पळ. मग ती म्हणाली, "देवा रे! काय केलंत तुम्ही हे!" आणि धाडकन फोन ठेवला.

मी रडायला लागलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, हातात दोन सुया, मोठ्याने रडतोय. सगळ्या खुर्च्यांवरची माणसं बघत होती. कांबळे सरांनी हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. तेवढा वेळ त्यांनी हात काढला नाही, आणि मला माहितेय, त्यांना मधे उठायचं होतं.

फोन वाजला. हिरा.

"बोल दादूस."

"हिरा! कुठे आहेस? होडीत आहेस?"

"काठावं बसलेय. वयनी आली पलत, धापा टाकतेय नुसती. तिची कीव आली म्हून फोन केला. नायतर आजून वाजू देनार व्हते."

"म्हणजे? तू... तू मुद्दाम उचलला नाहीस?"

"दोनदा वाजू दिला. मी किती वर्सं थांबले, तू पंधरा मिनटं थांब."

"हिरा, ऐक, ती डावीकडची मागची—"

"वयनीनं सांगितला. पन तसा नाय चालत. तू सांग. तुज्या तोंडानं, नीट."

मी सांगितली. डावीकडची मागची फळी फणसाची आहे, उशिरा फुगते, भार चढल्यावर उघडते, आठ-दहा दिवस बुडवल्याशिवाय हिच्यात दोन माणसांनी बसायचं नाही. सेंटरमधल्या सगळ्यांनी ऐकली. चारच्या जागी अकरा माणसं होती.

हिराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांनी ती फली बसवली तवा तू कुटं व्हतास?"

"ठाण्याला, मामाकडे. परीक्षेला."

"मंग खालून फली कोनी धरली असंल? आजी धरेल?"

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

"मी धरली. तेरा वर्सांची व्हते. दोन दिस खाली पडून धरली, डोल्यात भुसा गेला. बाबा तवाच बोललेले, हिरे, ही फनसाची हाय, हिला वेल लागतो. तुज्या आधी मना सांगितला त्यांनी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"होरी आजून बुडवलेलीच हाय, येरा कुटचा! आजून पाच-सा दिस काडनार नाय. पुनवेला जानार म्हून सगल्यांना सांगितला, तो तुना आयकू यावा म्हून. बगत व्हते, भाऊ सांगतो का नाय."

"आणि नसती सांगितली तर?"

"तर होरी परत आनून तुज्या दारात लावली असती. खोटी दिलेली होरी घेऊन मी काय करू?" तिचा आवाज जरा फुटला. मग लगेच नेहमीसारखा झाला. "सांगितलीस ना? बास. आता झाली होरी माजी. तू ते तुजा काय चाललाय तो पुरा कर आनि ये, नायतर पाय सुजतील."

फोन ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. सुटलो म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि त्याच जिवात परत एक कळ उठली होती. माझ्या आधी तिला सांगितलं! आयुष्यभर जपून ठेवलेली गोष्ट माझी एकट्याची नव्हतीच.

जिन्सी सिस्टरनी मशीनचा आवाज बंद केला आणि माझं ब्लडप्रेशर बघितलं. कांबळे सरांनी गुडघ्यावरचा हात काढला, घाईघाईने बाहेर जायला उठले, आणि दारातून वळून विचारलं, "दत्तोबा, होडीचं काय झालं मग? गेली?"

"नाही, सर," मी म्हटलं. "दिली."